इंटरनेट फोन आणि नॅट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिस, दवाखाना, पतसंस्था, क्लास अशा ठिकाणी दहा-पंधरा एक्स्टेन्शनचे आयपी फोन बसवणाऱ्यांसाठी हे पान आहे. उदाहरणं अ‍ॅस्टरिस्क आणि फ्रीपीबीएक्सची (ऑफिसचे कॉल जोडणारा सर्व्हर, म्हणजे पीबीएक्स, आणि तो ब्राउझरमधून चालवायचं पान) घेतली आहेत, कारण ते मोफत आहे आणि कुणालाही जुन्या पीसीवर चढवून बघता येतं. घाईत असाल तर आपल्या तक्रारीच्या प्रश्नावर थेट जा. मात्र पहिलं उत्तर वाचून जा, बाकीची सगळी त्याच्यावर उभी आहेत.

नॅट म्हणजे काय? वेबसाइट, यूट्यूब सगळं चालतं, मग फोनलाच काय झालं?

नॅट म्हणजे ‘नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन’, पत्ता बदलून देणं. सरकारी कचेरीतली बारनिशी आठवा. टेबलावरून निघालेलं पत्र तसंच टपालात पडत नाही. बारनिशीतला कारकून पाकिटावर कचेरीचा पत्ता टाकतो, जावक क्रमांक घालतो, वहीत नोंद करतो. त्या क्रमांकाच्या संदर्भाने उत्तर आलं की वही बघून ते योग्य टेबलावर पोचवतो. तुमचा राउटर हेच करतो. आतल्या फोनचा पत्ता समजा १९२.१६८.१.२० आहे. बाहेर जाताना राउटर तो काढून स्वतःचा पब्लिक पत्ता लिहितो, एक पोर्ट क्रमांक देतो आणि नोंद ठेवतो. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत पत्तेच मुळात सुमारे ४२९ कोटी, प्रत्येक यंत्राला वेगळा पत्ता पुरणार नव्हता. म्हणून १९९४ साली नॅटची कल्पना मांडली गेली. १९९६ पासून १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे पट्टे आतल्या वापरासाठी आजच्या रूपात राखून ठेवलेले आहेत.

ब्राउझरला एवढं पुरतं. तो विचारतो, उत्तर त्याच वाटेने परत येतं. फोनचं तसं नाही. कॉल जुळवणारी सिप ही भाषा पाकिटाच्या आतल्या पत्रातही पत्ता लिहिते: ‘माझ्यासाठीचा आवाज १९२.१६८.१.२० वर, १२००० पोर्टवर पाठवा.’ कारकून पाकीट बदलतो, आतलं पत्र उघडत नाही. समोरचा सर्व्हर आतला पत्ता प्रमाण मानून आवाज तिकडे पाठवतो. पण १९२.१६८.१.२० नावाचं टेबल जगभरच्या असंख्य कचेऱ्यांत आहे, त्यामुळे तो आवाज कुठेच पोचत नाही. शिवाय आवाज सिपच्या वाटेने जातच नाही. तो आरटीपीच्या वेगळ्या पोर्टवरून जातो आणि समोरून आपणहून दारात येऊन उभा राहतो. वहीत नोंद नाही म्हटल्यावर कारकून त्याला परत पाठवतो.

तेव्हा नॅटवरचा इलाज म्हणजे पत्रातला पत्ता कुणीतरी सुधारणं. ते फोन करू शकतो, सर्व्हर करू शकतो, राउटरही करू शकतो. माझा आग्रह एवढाच की ते एकानेच करावं. मी निस्तरलेल्या बहुतेक भानगडींत दोघांनी एकाच वेळी दुरुस्ती केलेली होती.

समोरच्याचा आवाज मला येतो, पण माझा आवाज तिकडे जात नाही. (किंवा उलट.)

एक नियम लक्षात ठेवा: ज्या टोकाला ऐकू येत नाही, त्या टोकाचा पत्ता चुकीचा सांगितला गेलाय.

घरी फोन आणि ऑफिसात सर्व्हर अशी जोडणी घ्या. घरच्या माणसाचं बोलणं ऑफिसात ऐकू येत नसेल, तर सर्व्हरने फोनला स्वतःचा आतला पत्ता कळवला आहे. सर्व्हरवर बाहेरचा पत्ता भरलेला नाही, किंवा भरलाय पण ऑफिसच्या राउटरवर आरटीपीचे पोर्ट आत वळवलेले नाहीत. घरच्या माणसालाच ऐकू येत नसेल, तर सर्व्हर फोनने सांगितलेल्या आतल्या पत्त्यावर आवाज पाठवत बसलाय. तिथे त्या एक्स्टेन्शनला ‘आरटीपी सिमेट्रिक’ चालू करा. मग सर्व्हर पत्रात काय लिहिलंय ते सोडून देतो आणि आवाज ज्या पत्त्यावरून येताना दिसतो त्याच पत्त्यावर परत पाठवतो.

दोन्हीकडे शांतता असेल तर बहुतेक वेळा दोन्ही चुका एकत्र असतात. एक सुधारून ‘काहीच फरक नाही’ म्हणत ती परत जुन्या जागी नेऊ नका.

कॉल उचलल्यावर बरोबर अर्ध्या मिनिटाने तुटतो. लाइन खराब आहे का?

लाइन ठीक आहे. घड्याळ लावून बघा, ३२ सेकंद भरतील. कॉल उचलला गेला की उचलणारी बाजू ‘२०० ओके’ पाठवते आणि समोरून पोच यायची वाट बघते. ती पोच ‘कॉन्टॅक्ट’ या ओळीतल्या पत्त्यावर जाते. त्या ओळीत आतला पत्ता असला तर पोच वाटेतच हरवते. उचलणारी बाजू तोच निरोप अर्ध्या सेकंदाने, मग एका, दोन, चार सेकंदांनी पुन्हा पुन्हा पाठवते आणि सिपच्या २००२ सालच्या मुख्य नियमातल्या हिशेबाने (अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट) ३२ सेकंदांनी नाद सोडते. आवाज तोवर मजेत चालू असतो, म्हणून माणसं नॅटवर संशयच घेत नाहीत.

सर्व्हरवर ‘एक्स्टर्नल सिग्नलिंग अ‍ॅड्रेस’ भरा, फोनसाठी ‘रीराइट कॉन्टॅक्ट’ चालू करा.

कॉल १५ मिनिटांनी तुटत असेल तर चुलतभाऊ समजा. चालू कॉल जिवंत आहे ना, हे विचारणारा ‘सेशन टायमर’ साधारण १८०० सेकंदांचा असतो आणि त्याची विचारणा निम्म्या वेळाने, म्हणजे ९०० सेकंदांनी जाते. ती विचारणा वाटेत अडकते आहे.

फोन लावता येतो, पण थोड्या वेळाने येणारे कॉल बंद होतात. फोन बंद-चालू केला की पुन्हा येतात.

कारकून वहीतल्या जुन्या नोंदी खोडतो. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये यूडीपीची (सिप आणि आवाज सहसा ज्या पद्धतीने जातात ती) एकतर्फी नोंद मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंद टिकते, दोन्हीकडून ये-जा असेल तर १२०. नियमातली मुदत मोठी आहे (२००७ च्या शिफारशीत किमान २ मिनिटं आणि शक्यतो ५ म्हटलंय), पण स्वस्त राउटर तो वाचून बनवलेले नसतात. फोन मात्र पुष्कळदा तासातून एकदाच, ३६०० सेकंदांनी, नोंदणी करतो. मधल्या वेळात सर्व्हरने पाठवलेला कॉल दारावरून परत जातो.

सर्व्हरवर ‘क्वालिफाय फ्रीक्वेन्सी’ २५ सेकंद ठेवा. फोनमध्येही ‘कीप-अलाइव्ह’ चालू करा. ग्रँडस्ट्रीमच्या एटीएत (साधा फोन इंटरनेटला जोडणाऱ्या डब्यात) तो ‘नॅट ट्रॅव्हर्सल’च्या यादीत एक पर्याय म्हणून दिसतो. नोंदणीची मुदत कमी करूनही भागतं, पण दर मिनिटाला पासवर्ड तपासण्यापेक्षा एक रिकामं पॅकेट पाठवणं स्वस्त पडतं.

मोबाइलवरच्या सॉफ्टफोनला (फोन म्हणून चालणाऱ्या अ‍ॅपला) यूडीपीऐवजी टीएलएस (सीलबंद निरोप, जे टीसीपी या पद्धतीने जातात) द्या. टीसीपीच्या नोंदी खूप जास्त टिकतात, त्यामुळे बॅटरीही वाचते.

राउटरमध्ये ‘सिप एएलजी’ आहे. नाव बघून वाटतं की याच कामासाठी दिलंय. चालू ठेवू?

बंद करा.

आता कारण. एएलजी म्हणजे पाकीट उघडून आतलं पत्र सुधारणारा कारकून. कल्पना वाईट नाही, पण त्याचं सिप कच्चं असतं. तो एक ओळ बदलतो, दुसरी विसरतो. सर्व्हरने आधीच बरोबर लिहिलेला पत्ता पुन्हा ‘सुधारतो’. तुम्ही सर्व्हरवर सगळं नीट केलंत आणि तरी चित्र रोज वेगळं दिसतं, आज कॉल लागतो, उद्या लागत नाही, एक फोन चालतो आणि शेजारचा तसाच फोन चालत नाही, तेव्हा आधी इथे बघा.

मायक्रोटिकच्या राउटरमध्ये तो ‘आयपी, फायरवॉल, सर्व्हिस पोर्ट्स’ या पानावर ‘सिप’ नावाने असतो. इतर ठिकाणी ‘एएलजी’, ‘सिप हेल्पर’, ‘सिप पासथ्रू’ अशी नावं सापडतील. बंद केल्यावर राउटर रीस्टार्ट करा, नाहीतर चालू नोंदी जुन्याच पद्धतीने चालत राहतात आणि तुम्ही म्हणता की उपयोग झाला नाही.

फायबरवाल्याच्या डब्यात हा पर्याय लपवलेला असतो, कधी कधी नसतोच. तेव्हा सिपसाठी ५०६० सोडून दुसरा पोर्ट घ्या, ५१६० म्हणा. कारकून ५०६० चीच पाकिटं उघडत असतो. टीएलएस वापरलं तर पाकीट सीलबंदच जातं, त्याला काही दिसत नाही.

अ‍ॅस्टरिस्कमध्ये नेमकं कुठे काय भरायचं?

फ्रीपीबीएक्समध्ये ‘अ‍ॅस्टरिस्क सिप सेटिंग्ज’ उघडा. ‘एक्स्टर्नल अ‍ॅड्रेस’मध्ये ऑफिसचा पब्लिक पत्ता आणि ‘लोकल नेटवर्क्स’मध्ये आतले सगळे पट्टे. ‘डिटेक्ट नेटवर्क सेटिंग्ज’ हे बटण दोन्ही भरून देतं, पण त्याला त्या सर्व्हरच्या नेटवर्कपलीकडचं माहीत नसतं. सीसीटीव्हीसाठी किंवा दुसऱ्या मजल्यासाठी वेगळा पट्टा असेल तर तो हातानेच लिहावा लागतो. तो राहिला की दुसऱ्या मजल्यावरच्या फोनला सर्व्हर पब्लिक पत्ता सांगतो आणि एकाच इमारतीत आवाज गायब होतो.

फाइल हाताने लिहिणाऱ्यांसाठी: पीजेसिपच्या (सध्याच्या सिप मोड्यूलच्या) ट्रान्सपोर्टखाली ‘एक्स्टर्नल मीडिया अ‍ॅड्रेस’, ‘एक्स्टर्नल सिग्नलिंग अ‍ॅड्रेस’ आणि ‘लोकल नेट’. एंडपॉइंटखाली ‘आरटीपी सिमेट्रिक’, ‘फोर्स आरपोर्ट’, ‘रीराइट कॉन्टॅक्ट’ या तिन्हींना होय, आणि ‘डायरेक्ट मीडिया’ला नाही. शेवटचा विसरलात तर सर्व्हर कॉल जुळवून बाजूला होतो आणि दोन फोनना एकमेकांशी थेट बोलायला सांगतो, जे नॅटपलीकडून जमत नाही. ट्रान्सपोर्टमधला बदल नुसत्या रीलोडने लागू होत नाही, अ‍ॅस्टरिस्क पूर्ण रीस्टार्ट करावा लागतो. यात मी एक अख्खी दुपार घालवली आहे.

‘चॅन-सिप’ या जुन्या सिप मोड्यूलची सेटिंग्ज सांगणारी पानं इंटरनेटवर खंडीभर आहेत. ते मोड्यूल अ‍ॅस्टरिस्क २१ मधून काढूनच टाकलंय. तसली पानं वाचून भरू नका.

टेलिकॉम कंपनीचा सिप ट्रंक (बाहेरच्या कॉलची जोडणी) आहे. घरचे फोन नॅटसाठी सेट केले आणि ट्रंकचाच आवाज गेला!

हा प्रश्न आपल्याकडे फार येतो आणि परदेशी मार्गदर्शिकांत याचं उत्तर क्वचितच असतं, म्हणून जरा सविस्तर.

मोठ्या टेलिकॉम कंपन्यांचा ट्रंक पुष्कळदा इंटरनेटवरून येत नाही. ते वेगळी फायबर आणून देतात, १० ने सुरू होणारा एखादा खासगी पत्ता तुमच्या नावाने देतात, आणि त्यांचा सर्व्हरही तसल्याच खासगी पत्त्यावर असतो. म्हणजे तुमच्या पीबीएक्सला दोन दारं झाली, एक इंटरनेटचं आणि एक ट्रंकचं. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं लागतात ती याचसाठी.

आता तुम्ही घरच्या फोनसाठी बाहेरचा पब्लिक पत्ता भरलात. अ‍ॅस्टरिस्कचा हिशेब सरळ आहे: समोरचा ‘लोकल नेट’मध्ये नसेल तर तो बाहेरचा, त्याला पब्लिक पत्ता सांगा. टेलिकॉमचा सर्व्हर त्या यादीत नाही, म्हणून त्यालाही पब्लिक पत्ता जातो. त्यांच्या बंद नेटवर्कमधून तुमचा पब्लिक पत्ता गाठताच येत नाही. कॉल लागतो, आवाज नाही.

उपाय: टेलिकॉमचा पट्टा ‘लोकल नेट’मध्ये टाका. किंवा ट्रंकसाठी वेगळा ट्रान्सपोर्ट करा, त्यात बाहेरचा पत्ता भरूच नका. मला दुसरी पद्धत आवडते, सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला हेतू लगेच कळतो.

आणखी एक खोच. त्यांचा सिपचा पत्ता आणि आवाजाचा पत्ता पुष्कळदा वेगवेगळा असतो. तुम्ही रूट (कोणत्या पत्त्यासाठी कोणतं दार, ही नोंद) फक्त सिपच्या पत्त्यासाठी टाकलेला असतो, तर ग्राहकापर्यंत जाणारा आवाज इंटरनेटच्या दाराने निघून जातो. ते बाहेरून नॅटसारखं दिसतं, पण चूक रूटिंगची असते. जोडणी करायला आलेल्या इंजिनिअरकडून दोन्ही पत्ते कागदावर लिहून घ्या.

कोणते पोर्ट उघडू?

सर्व्हर ऑफिसात असेल तर सिपचा एक पोर्ट आणि आरटीपीचा पट्टा. अ‍ॅस्टरिस्कच्या नमुना फाइलमध्ये आरटीपी यूडीपी १०००० ते २०००० असतं. एवढं लागत नाही. कॉलच्या प्रत्येक टोकाला दोन पोर्ट, म्हणजे पूर्ण कॉलला चार. १०००० ते १०२०० ठेवलंत तरी एकाच वेळी ५० कॉल बसतात. बदल सर्व्हर आणि राउटर दोन्हीकडे करा.

घरच्या राउटरवर, जिथे फक्त फोन आहे, एकही पोर्ट उघडू नका. त्याची गरज नसते.

सगळंच डीएमझेडमध्ये टाकलं (सगळे पोर्ट थेट सर्व्हरकडे वळवले) तर झंझट संपेल ना?

वेगळी सुरू होईल. सगळी दारं उघडली तरी पत्रातला पत्ता चुकीचाच राहतो. आणि ५०६० जगाला उघडा दिसला की स्कॅनर यायला वेळ लागत नाही. लॉगमध्ये ‘फ्रेंडली-स्कॅनर’ असं नाव दिसलं तर हुरळून जाऊ नका, ते कमकुवत पासवर्ड शोधणारं साधन आहे. एक्स्टेन्शन १०१ आणि पासवर्डही १०१ असेल तर रात्रीतून परदेशी कॉलचं बिल चढतं. पोर्ट शक्यतो ठरावीक पत्त्यांनाच उघडा, फेल-टू-बॅन (पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला अडवणारं साधन) लावा, लागत नसेल तर ट्रंकवर आंतरराष्ट्रीय कॉल बंदच ठेवायला सांगा.

फायबरवाला म्हणतो पब्लिक आयपी नाही. मग?

राउटरच्या ‘वॅन’च्या (बाहेरच्या जोडणीच्या) पानावरचा पत्ता आणि ‘माझा आयपी काय’ असं विचारल्यावर वेबसाइट दाखवते तो पत्ता ताडून बघा. वेगळे असतील तर तुमच्या बारनिशीच्या वर आणखी एक बारनिशी आहे. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता दिसला तर शंकाच नको. तो पट्टा २०१२ साली कंपन्यांच्या अशा मोठ्या नॅटसाठीच राखून ठेवला.

फक्त फोन तुमच्याकडे आणि सर्व्हर बाहेर असेल तर काही बिघडत नाही, कीप-अलाइव्ह पुरतं. सर्व्हर तुमच्याकडे असेल तर पोर्ट उघडून उपयोग नाही, कारण वरची वही तुमच्या हातात नाही. एकतर जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या, किंवा सर्व्हर क्लाउडवर न्या. क्लाउडवर नेलात तरी बाहेरचा पत्ता भरायला विसरू नका. अ‍ॅमेझॉन आणि गूगलच्या क्लाउडमध्येही यंत्राला आतून खासगी पत्ताच दिसतो आणि पब्लिक पत्ता बाहेरच्या बाहेर जोडला जातो. ‘क्लाउडवर नॅट कसलं’ म्हणत दोन दिवस शोधाशोध करणारे मला भेटले आहेत.

फायबरवाल्याचा डबा आणि त्याच्यामागे आमचा राउटर, असं चालेल?

चालतं, पण पोर्ट दोन्हीकडे वळवावे लागतात आणि एएलजी दोन्हीकडे बंद करावा लागतो. डबा ब्रिज मोडमध्ये (त्याचं नॅट बंद करून) टाकून मागता आला तर मागा.

स्टन, टर्न, आइस यातलं काय लागतं?

स्टन म्हणजे बाहेरच्या एखाद्याला विचारणं, ‘माझ्या पाकिटावर तुला कोणता पत्ता दिसतो?’ उत्तर आलं की फोन तोच पत्ता पत्रात लिहितो. काही राउटर मात्र प्रत्येक नव्या पत्त्यासाठी नवा जावक क्रमांक देतात, त्यांच्यामागे स्टनने मिळालेलं उत्तर निरुपयोगी. २००३ साली स्टन आलं तेव्हा त्याच्या नावातच नॅट ओलांडण्याचा वायदा होता. २००८ साली तीच आद्याक्षरं ठेवून नावाचा अर्थ बदलला आणि ‘हे संपूर्ण उत्तर नव्हे, एक साधन आहे’ असं त्या नव्या नियमातच लिहिलं. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

टर्नमध्ये सगळा आवाज मधल्या सर्व्हरवरून जातो. हमखास चालतं, पण जी.७११ या आवाजाच्या पद्धतीचा एक कॉल म्हणजे प्रत्येक दिशेला सेकंदाला ५० पॅकेट, साधारण ८० केबीपीएस, आणि तो भार तुमच्या खर्चाने. आइस सगळ्या वाटा तपासून चालणारी निवडतं. वेबआरटीसीत (ब्राउझरमधून होणाऱ्या कॉलमध्ये) ते असतंच.

साध्या ऑफिस फोनला, सर्व्हर नीट भरलेला असेल तर, यातलं काहीच लागत नाही. फोनमध्ये स्टन आणि सर्व्हरवर सिमेट्रिक दोन्ही लावून ‘डबल सेफ्टी’ करू नका. पहिल्या उत्तरातला आग्रह इथेही लागू.

व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल याच राउटरवरून झकास चालतो!

त्यांची दोन्ही टोकं त्यांनीच लिहिलेली आहेत, आणि थेट वाट नसली की कॉल त्यांच्याच मधल्या सर्व्हरवरून जातो. तुमच्याकडे एका कंपनीचा फोन, दुसऱ्याचा राउटर, तिसऱ्याचा ट्रंक.

ऑफिसात पाच फोन, सगळ्यांचा पोर्ट ५०६०. भांडण होईल?

राउटर प्रत्येकाला वेगळा जावक क्रमांक देतो, त्यामुळे सहसा नाही. एखादा जुना राउटर गोंधळला तर फोनमध्ये रँडम सिप पोर्ट चालू करा.

मोबाइलवरचं एक्स्टेन्शन बाहेर चालतं, ऑफिसच्या वाय-फायवर मात्र नोंदणीच होत नाही.

अ‍ॅपमध्ये सर्व्हरचं नाव दिलंय, ते पब्लिक पत्त्याकडे बोट दाखवतं. आतून निघून बाहेरच्या दाराने परत आत यायचं म्हटलं तर बरेच राउटर ओळख देत नाहीत. ऑफिसच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) तेच नाव सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावर वळवा.

घरून काम करणाऱ्यांसाठी व्हीपीएन (घरापासून ऑफिसपर्यंतची खासगी वाट) बरा का?

हो, माझी पहिली पसंती तीच. वायरगार्ड हा व्हीपीएन लावा, ‘पर्सिस्टंट कीप-अलाइव्ह’ २५ सेकंद द्या, आणि व्हीपीएनचा पट्टा ‘लोकल नेट’मध्ये टाका. सिप आणि आरटीपीचा एकही पोर्ट जगाला उघडावा लागत नाही. अट एवढीच की ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१ वर ठेवू नका, निम्म्या घरांतही तेच असतं आणि रूट एकमेकांवर आदळतात. १०.२७.४३ असं काहीतरी आडवळणाचं घ्या.

एक फायबर बंद पडून दुसरी चालू झाली की फोन मुके होतात.

पब्लिक पत्ता बदलला, सर्व्हर मात्र जुनाच सांगतोय. आकड्याऐवजी डायनॅमिक डीएनएसचं (बदलत्या पत्त्यामागे फिरणारं) नाव भरता येतं, पण पत्ता बदलल्याचं अ‍ॅस्टरिस्कला कळवण्याची सोय करावी लागते. राउटरमधल्या जुन्या नोंदीही पुसायला हव्यात, नाहीतर फोन बंद फायबरकडेच पॅकेटं पाठवत राहतात. कीप-अलाइव्हमुळे त्या नोंदी आपोआप मरत नाहीत, ही त्याची एक वाईट बाजू.

आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धत आल्यावर हे सगळं संपेल?

पत्ता बदलण्याचं काम संपेल. फायरवॉल आणि तिच्या वहीची मुदत राहील, त्यामुळे कीप-अलाइव्हही राहील.

कोणाला मदत मागायच्या आधी काय तपासून ठेवू?

सर्व्हरवर एसएनग्रेप (सिपचे निरोप दाखवणारं साधन) चालवा आणि एक बिघडलेला कॉल पकडा. ‘सी=’ ने सुरू होणारी, आवाजाचा पत्ता सांगणारी ओळ आणि ‘कॉन्टॅक्ट’ची ओळ, दोन्ही बाजूंच्या, अशा चार जागा बघा. बाहेरच्या माणसाला गेलेल्या निरोपात १९२.१६८ किंवा १० चा पत्ता दिसला तर गुन्हेगार सापडला. पत्ते बरोबर असून आवाज नसेल तर अ‍ॅस्टरिस्कमध्ये आरटीपी डीबग चालू करा. ‘सेंट’ आणि ‘गॉट’ अशा दोन्ही ओळी धावायला हव्यात. नुसतं ‘सेंट’ दिसत असेल तर समोरचा आवाज तुमच्या दारापर्यंत येत नाहीये, आधी राउटर बघा.

मग विचारताना ‘फोन चालत नाही’ असं लिहू नका. सर्व्हर कुठे, फोन कुठे, मध्ये किती राउटर, कोणत्या टोकाला ऐकू येत नाही, कितव्या सेकंदाला तुटतो, एवढं कळवा. आणि तो पकडलेला कॉल पाठवताना पत्ते खोडू नका, खोडायचे तर ग्राहकांचे नंबर खोडा.